बादलीवरचं गवत

अण्णा, तुमच्या घोडीची नात काल बाद झाली. वांगणीच्या पुढे चाळीस किलोमीटरची दौड होती. पहिला नंबर काढायचा नव्हता, नुसती नीट पुरी करायची होती. पुरी केली, पण शेवटी जनावरांचे डॉक्टर घोडीच्या छातीला नळी लावतात आणि अर्ध्या तासात ठोके खाली यावे लागतात. हिचे आलेच नाहीत. बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या, आणि मी घड्याळ बघत उभी.

चार महिने मी हिला तयार करत होते, म्हणजे करते असं म्हणत होते. आठवड्यातून चार दिवस बारवीच्या रस्त्याने न्यायचं, आधी चाल, मग दुडकी, हळूहळू अंतर वाढवायचं, हे कागदावर सुंदर लिहिलंय. प्रत्यक्षात कंपनीत कुणीतरी दांडी मारतं आणि ओव्हरटाइम माझ्या गळ्यात पडतो. मोरिवलीच्या तबेल्यात पोचते तेव्हा अंगात त्राण नसतं. मग चार दिवसांचं सगळं एका रविवारी. रजा मागितली तर साहेब म्हणतात, "मॅडम, लोक सुट्टीसाठी आजीला मारतात, तुम्ही डायरेक्ट घोडीच आणली!" सगळं डिपार्टमेंट खिदळतं. त्या माणसाच्या टाळक्यात रजिस्टर घालावंसं वाटतं. कालचीही रजा दिली नाही, फक्त दुपारी तीनला या म्हणाले.

काल डॉक्टरांनी विचारलं, "वाटेत पाणी कुठे पाजलंत?" मी म्हटलं, "नाही पाजलं. गरम घोडीला पाणी द्यायचं नाही, असं आमच्या अण्णांचं होतं." ते हसले. "हे जुने वरातीचे घोडेवाले ना! अहो, यानेच जनावरं मरतात." आजूबाजूचेही हसले. मी मान खाली घातली.

मी सांगितलं ते खोटं नव्हतं. अजून दिसतं, मी आठ वर्षांची आहे. कॅम्प पाचमधली सिंधी लग्नाची वरात पोचवून तुम्ही घोडीच्या बाजूने चालत घरी येता. पाठ मोकळी असून तुम्ही कधी बसत नाही, याची मला लाज वाटते. घोडी घामाने निथळतेय म्हणून मी लाडाने गार पाण्याची बादली तिच्यापुढे ठेवते आणि तुमची चापट बसते. "गरम घोडीला पाणी नाय दाखवायचं! मारशील एक दिवस तिला."

पण डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं. पुढचं गिळलं. तुम्ही तिला अंगणात फिरवलंत, मग तीच बादली उचलून पाण्यावर मूठभर गवत टाकलंत. गवत नाकाला लागतं, म्हणून ती घोटघोट प्यायली. "पाजायचं, पण असं," म्हणालात आणि दुसरी मूठ माझ्याकडून टाकून घेतलीत.

आज सकाळी मी तसंच पाजलं. ती आता बरी आहे. तुम्ही गेलात तिथे टपाल जात नाही, म्हणून हा कागद खुराकाच्या डब्यात ठेवतेय, उंदीर वाचतील.

काल अर्ध्या वाटेवर पाण्याचे टप होते, अण्णा. तिने मान वळवली होती. मीच लगाम ओढला, तीनची ड्युटी गाठायची होती म्हणून. आणि विचारल्यावर तुमचं नाव पुढे केलं, कारण तुम्ही काही उलट बोलणार नव्हता.