तेवीस तास बावन्न मिनिटं

३ जून
पहिला दिवस छान गेला. औषधांचं शीतगृह आहे. माझ्या टेबलासमोरच त्याचं जाड दार, दाराला हातभर काच. आत उणे वीस अंश. कार्ड टेकवलं की दार उघडतं आणि वेळ संगणकात पडते. रोजच्या यादीत प्रत्येकापुढे दोन वेळा: आत, बाहेर. त्यांतून कोण किती वेळ आत राहिलं ते काढायचं, एवढंच काम. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, स्वेटर नेत जा.

४ जून
काहींचं उत्तर उणे येत होतं. साहेब हसले. म्हणाले, रात्रपाळीवाला बाराच्या आधी आत जातो, नंतर बाहेर येतो. नोंदीत तारीख नाही, नुसतं घड्याळ. उणे आलं की चोवीस तास मिळव. मिळवले. सगळं सुतासारखं सरळ.

५ जून
एक कार्ड सोडून. आत १०:१०, बाहेर १०:०२. तेही सकाळी, आणि रोज. चोवीस मिळवले की तेवीस तास बावन्न मिनिटं. म्हणजे कुणीतरी कायम आत असतं, फक्त आठ मिनिटं बाहेर येतं. चूकच असणार.

६ जून
दारावरच्या मामांना विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. ते कार्ड माझ्या आधीच्या बाईंचं. गेल्या वर्षी मोजणीला आत गेल्या, बाहेर येताना कुणी पाहिलं नाही. कोपरा न् कोपरा शोधला. शेवटी साहेबांनी लिहिलं, काम सोडून गेल्या. मामा म्हणाले, "पोरी, दहाला तू चहाला जात जा."

७ जून
गेले नाही. १०:०२ ला दार आपोआप उघडलं. कुणी नाही. गारवा टेबलापर्यंत आला, खुर्चीमागे थांबला. आठ मिनिटं मानेवर — मी हलले नाही. मग दार लागलं.

८ जून
साहेब म्हणतात, ती ओळ पुसून टाक. एक बाई आत आहे आणि पुसून टाक! उद्या दार उघडलं की आत जाऊन बघणार. नको नको म्हणत मामा दार धरायला तयार झालेत. आईला बोलले नाही.

९ जून
आत आहे. मामांनी धरलं होतं तरी दार हातातून — आतून कार्ड टेकवूनही उघडत नाही. बोटं वळत —
खोक्यांमागे कुणी नाही.
१०:१०. ती परत आली नाही.
काचेतून दिसतंय. मामा दार ओढतायत. त्यांच्यामागे, माझ्या खुर्चीत — केसांवर बर्फ —
मामांनी दार सोडलं. वळले. तिच्याशी बोलतायत, हसून, जसे रोज माझ्याशी —
मामा, मी इथे —