खोटा सूर्य आणि टॉर्चचे सेल

६ ऑक्टोबर १९९७, सोमवार
आजपासून रोज डायरी लिहिणार. पद्मनाभसर म्हणाले, सात नोव्हेंबरला गिऱ्हाईक सिम्युलेटर बघायला येतंय. पास झाला की सेक्शन माझा, नाहीतर माझ्यासोबत काम करणाऱ्या श्यामलाचा. शेवटचं सर उगाच बोलले.

मैत्रेयीला पुन्हा समजावलं. उपग्रहाची वीजव्यवस्था उडण्याआधी जमिनीवर तपासायची, तर लॅबमध्ये ऊन कुठलं? म्हणून आमचा सिम्युलेटर, ही पेटी. सूर्यासारखी वीज देते आणि ‘सावली’ बटण दाबलं की बंद करते. ती म्हणाली, म्हणजे स्विच. बायकोला समजावणं सोडलं.

८ ऑक्टोबर
काल लिहिलं नाही. काम फार. सावली दाबली तरी वीज चालूच, वर बिघाडाचा लाल दिवा. सूर्य मावळायलाच तयार नाही. श्यामला म्हणाली, रिले, म्हणजे वीज तोडणारी आतली कळ, चिकटतोय, उघडून बघू. गरज नाही. डिझाइन माझं आहे.

१० ऑक्टोबर, आयुधपूजा
लॅबमध्ये हार, ऑसिलोस्कोपलासुद्धा कुंकू. पूजेच्या वेळी सगळी यंत्रं चालू हवीत, हा सरांचा नियम. देवासमोर लाल दिवा बरा दिसतो का? सकाळी सगळ्यांच्या आधी पोचून लाल दिव्याची वायर काढली आणि ‘सगळं ठीक’च्या हिरव्याला आतून घरच्या टॉर्चचे सेल जोडले. फक्त पूजेपुरते. सरांच्या मिसेस प्रेमामॅडमना दिवा फार आवडला. कोहळा मीच फोडला.

१३ ऑक्टोबर
आज सेल काढणार होतो. पण कुंकू लावलेली पेटी लगेच उघडणं बरं नाही. उद्या नक्की.

२२ ऑक्टोबर
पूजेनंतर लाल दिवा एकदाही नाही! पेटीत काहीतरी उतरलंय. श्यामला म्हणाली, मीटर लावून बघू. म्हटलं, विश्वास नावाची काही गोष्ट असते.

संध्याकाळी घरी, के. आर. पुरममध्ये, वीज गेली. टॉर्च सापडला, सेल गायब. मैत्रेयी सेलवरही मार्करने आपलं नाव घालते, तरी ही गत. परवा शेजारचे आप्पाजी टॉर्च मागून घेऊन गेले होते. आता त्यांच्यावर नजर ठेवणार.

३ नोव्हेंबर
सेक्शन हेडची केबिन बघून आलो. टेबल खिडकीकडे सरकवावं लागेल. श्यामलाला म्हटलं, माझ्या हाताखाली तुझं कल्याण होईल. ती नुसतं ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाली. नम्र आहे.

७ नोव्हेंबर
गिऱ्हाइकाचे हयवदनसाहेब आले. सावली दाबली. हिरवा दिवा. मी टाळी वाजवली, एकट्यानेच. साहेबांनी मीटर लावला, तर वीज तशीच चालू. मी म्हटलं, मीटर जुना असेल. मग त्यांनी पेटीचा प्लगच भिंतीतून उपसला.

हिरवा दिवा चालूच.

साहेबांनी विचारलं, तुमचा सूर्य नक्की कशावर चालतो? श्यामलाने झाकण उघडलं. सरांनी आत वाकून मोठ्याने वाचलं, मैत्रेयी. मग माझ्याकडे बघून विचारलं, कोण ही? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० नोव्हेंबर
सेक्शन श्यामलाला. तिने रिले बदलला, सूर्य मावळायला लागला. माझ्याकडे दिव्यांचं टेस्टिंग. जबाबदारीचं काम आहे.

संध्याकाळी पुन्हा वीज गेली. सेल परत टॉर्चमध्ये घातले. पेटेना. मैत्रेयी काळोखातच म्हणाली, जा, आप्पाजींकडून मागून आणा. गेलो. मागच्या वेळी तुमचा रिकामाच निघाला, म्हणत त्यांनी आपला टॉर्च आधी स्वतः पेटवून बघितला, मग दिला.