मेघाचं हेल्मेट

रविवार, रामवाडी, पेण

धाकटी बहीण मेघा आली होती. विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायला शिकतेय. शेजारणींनी विचारलं, "सुरुवात कशी करायची गो?"

"आधी शिकायचं. पॅराशूट लगेच घ्यायचं नाय, क्लबचं भाड्यानं वापरायचं. पहिलं हेल्मेट घ्यायचं, तेही डोक्यावर घालून बघून."

सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या, आईसुद्धा. मी भाकऱ्या थापत होते. लहानपणी विहिरीत पहिली उडी माझी असायची, ही काठावर रडायची! तिनं पिशवीतून स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर घातलं.

"ताई, बरोब्बर बसलं. येतेस?"

"वेळ नाय मला." खोटंच बोलले.

ती परत जायला एसटीत चढताना मात्र मला राहवलं नाही. "वजनाची काय अट असते का गो?"

ती हसली नाही, नीट समजावून सांगितलं. त्याचाच जास्त राग आला.