अर्जावरचं पहिलं नाव

४ मार्च १९९६
अर्ज तयार. गावातला दारूचा अड्डा बंद करा म्हणून. बीडला पोलिसांच्या मोठ्या साहेबांना द्यायचा. अंगठे देणाऱ्या सगळ्या माझ्या साक्षरता वर्गातल्या बायका.

दगडाबाईंनी कागदावर ताटली पालथी घातली, कडेनं पेन्सिल फिरवली. "बाई, ह्या गोलावर अंगठे घ्या. गोलात पयलं कुनीच नस्तंय. मंग धरतेल कुनाला?"

मी हसले. सरकारी अर्ज असा नसतो म्हटलं. दुसरा कागद घेतला, समास सोडला, अनुक्रमांक टाकले. एक नंबरला दगडाबाई — वयानं मोठ्या, मानानं. विमलबाईनं अंगठा नाही, सही केली. 'ल' उलटा.

५ मार्च
शेवटी माझं नाव घालणार होते. ह्यांनी पाहिलं. "आपलं किराणा दुकान हाय. अड्डेवालाबी गिऱ्हाईकच हाय. लिहून दिलंस, लई झालं."

नाव घातलं नाही. खरं म्हणजे — हायसं वाटलं. गेल्याच महिन्यात वर्ग घेऊन कपिलधारला देवदर्शनाला गेलो तेव्हा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बायकांना म्हटलं होतं, मी तुमच्याबरोबर आहे.

२० मार्च
अर्ज देऊन पंधरा दिवस झाले, कुणी फिरकलं नाही. आज बायकांनी अड्ड्यावरची मडकी फोडली. घोषणा मी दिल्या. रस्त्याच्या अलीकडून.

२१ मार्च
अड्डेवाल्यानं तक्रार केली. फौजदार आले. हातात आमचाच अर्ज. "म्होरकी कोण?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पयलं नाव हिचंच हाय की."

दगडाबाईंना जीपमध्ये बसवलं. हाताला पीठ तसंच. माझ्याकडे नुसतं बघितलं. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्षर माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं मला. दुकानाच्या दारात उभी होते. म्हटलं नाही.

२२ मार्च
लाज वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

२४ मार्च
जामिनावर सुटून आल्या. भेटायला गेले. माफी मागणार तोच चहा पुढं केला. "तुमी शिकलेल्या. तुमाला वाटलं नंबर लावावं लागतेत." राग नव्हता. म्हणून जास्त लागलं.

वर्षभर फळ्यापुढं उभी राहून सांगत होते — एकत्र या, भिऊ नका, चळवळ अशीच उभी राहते. त्या आल्या. भ्यायल्या नाहीत. मी मात्र फळ्यापाशीच राहिले. 'बाई' म्हणवून घ्यायला गोड वाटायचं, दुसरं काय!

ह्यांना सांगून टाकलं — नवा अर्ज लिहिणार, पहिलं नाव माझं घालणार. हे ताटावरून उठले. उठू देत.

२६ मार्च
कागद-पेन घेऊन वस्तीत गेले. नवा अर्ज कालच गेला. दगडाबाई स्वतः घेऊन गेल्या. लिहिला विमलबाईनं. तिनं कच्चा कागद दाखवला. ताटलीएवढा गोल, कडेनं नावं, 'ल' अजून उलटाच. एका ठिकाणी मोकळी जागा.

"तिथं तुमी हुता, बाई," म्हणाली. "लई येळ थांबलो. मंग यष्टी आली."