आधी आपली माणसं

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपलं भांडण मी अजून सोडलेलं नाही. चिंचवडच्या कंपनीचं ते कँटीन आठवतं? मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी कामं घटली आणि कँटीनमधलं एक माणूस कमी करा, असा वरून हुकूम आला. कुणाला काढायचं ते साहेबांनी युनियनवर ढकललं. युनियन म्हणजे तुम्ही. शेवटी आला तो आधी जातो, हा नियम तुम्हीच कंपनीशी भांडून मिळवलेला. सगळ्यांत शेवटी लागले होते मी, पोळ्या लाटायला. आणि तुम्ही काढलंत कुणाला, तर दहा-बारा वर्षं भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या नेपाळी आचाऱ्याला.

त्या संध्याकाळी घरी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तुम्हाला जाब विचारते आहे. तुम्ही ताटावरून मान वर करत नाही. "त्यो परमुलखातला हाय. आपल्या मानसाला आपन न्हाई धरायचं, तर कोनी धरायचं?"

"आणि नियम?"

"नियम देशातल्या लोकांसाठी असत्यात."

आई मला गप्प बस म्हणून खुणावते. मी कसली गप्प बसते! "युनियनची वर्गणी घेताना नाही विचारलात त्याचा देश?" तुम्ही ताट सरकवून उठलात.

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही. घरात माझ्या पगाराची गरज होती, हे मलाही कळत होतं. आचारी काही परत आला नाही, कंपनीने माझ्या जागी दुसरीच बाई घेतली. "काय मिळालं हिच्या तोऱ्यातून त्याला?" असं तुम्ही आईकरवी विचारलंत. काही नाही मिळालं. तरी मी पुन्हा तेच करेन. मतदान, रेशन, सरकारी नोकरी यांत देशातल्या माणसाचा हक्क पहिला, हे मीही मानते. पण ज्याच्या हातचं रोज जेवलो, ज्याला आपल्या मोर्चात पुढे चालवलं, त्याला वेळ आल्यावर परका ठरवायचं, हे मला तेव्हा पटलं नाही, आज पटत नाही, आणि तुम्ही वरून कितीही डोळे वटारलेत तरी पटणार नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही देशाचं नाव घेतलंत. त्याऐवजी 'माझ्या पोरीसाठी केलं' एवढं तोंडाने म्हणाला असतात, तर मी मुकाट्याने कामावर गेले असते.