रेश्माने न केलेली सही

सुपा, १४ जून

प्रिय अक्का,

नमस्कार. दाजींचा गुडघा आता कसा आहे? मी मजेत आहे. रेश्माही मजेत आहे, फक्त तीन दिवस घरी बसली आहे.

तिच्या कारखान्यात वायूतून तेलाचे थेंब वेगळे काढणाऱ्या टाक्या बनतात. एका टाकीचे पूर्ण गणित करायला संगणकाला दोन दिवस लागतात. म्हणून त्यांनी साठ टाक्यांच्या गणितांवरून संगणकावरच एक झटपट मॉडेल शिकवून तयार केले. ते क्षणात अंदाज सांगते. त्याने एक अगदी बारीक, स्वस्त टाकी निवडली. साहेब खूश!

रेश्मा म्हणाली, "सर, एवढी बारीक टाकी त्या साठांत नव्हतीच. आधी पूर्ण गणित करू, मग आराखड्यावर सही करते."

तर तो दीडशहाणा म्हणतो, "मॅडम, घरी बसून विचार करा." आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी त्याला बाकावर उभे केले असते.

पण काल घाबरून मीच तिला म्हटले, "करून टाक ना सही."

ती म्हणाली, "आई, टाकीतून थेंब पुढे गेले तर वायू दाबणारा कॉम्प्रेसर फुटतो. शेजारी माणसं उभी असतात."

आज तिच्यासाठी शिरा केला. माफी मागणे मला कधीच जमले नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी धाकटी,
प्रमिला