पुष्पीचं नाव

३ नोव्हें.
हैदराबादहून परत. काम सुटलं की मीच सोडलं, नीट सांगता येत नाही. गावात पोलीस ठाण्याची नवी इमारत झाली. ठाणेदारांनी बोलावलं. "तू व्हिडिओ बनवतोस ना? आपल्या ठाण्याचा इतिहास लिहून दे. भिंतीवर लावायचाय."
दहावी नापास माणसाले इतिहास! हो म्हटलं.

५ नोव्हें.
बाबांपासून सुरू केलं. तलावात कोणी बुडालं की ठाण्याचा शिपाई आमच्याच दारात यायचा. पगार नाही, कागदावर नाव नाही. लुंगी खोचायची अन् प्रेत काढायला निघायचं. एकाही ठाणेदाराचं नाव येत नाही त्यांना. बिडीवाला साहेब (बाहेर आल्यावर स्वतः पेटवून द्यायचा). घोंगडीवाला साहेब. तोंड फिरवून उभा राहणारा. "आन एक त रडला होता बिचारा. त्याची लवकर बदली झाली."
आता बाबांचे कान वाहतात. पाण्यात उतरणं बंद.
मग शिंगाडे खात बसलो, लिहायचं राहिलं.

६ नोव्हें.
पुष्पी बाळंतपणाला आली. जेवताना आईनं पुन्हा तेच काढलं.
बाबा बुडालेल्याचं नाव घेतल्याशिवाय बुडी मारत नसत. डोंग्यात उभं राहून हाक द्यायची, "चाल बाप्पा, घरी चाल." एक पोरगी मात्र बेवारस होती. कोणालाच नाव माहीत नाही, जमादार घाई करून राहिलेले. बाबांच्या तोंडून निघालं, पुष्पे. आमची पुष्पी तेव्हा रांगत होती. ती पोरगी लगेच सापडली.
आई म्हणे, "जित्या पोरीचं नाव मेलीले देल्लं या मानसानं. आता बारतपनात काही झालं त..."
पुष्पी हसली. "माय, येवढ्या जाडीले कोन नेते वं?"
आम्ही कोणी हसलो नाही.
हात धुताना बाबा हळूच म्हणाले, "तू ठान्यात जाऊन रायला ना? तिचं खरं नाव पाय. तिचं तिले देऊ, पुष्पीचं वापस घेऊ."

९ नोव्हें.
ठाण्यात सामान हलवणं चालू. शिपाई म्हणतो, "तेवढं जुनं इथं नाही. आम्ही आज इथं, उद्या दुसरीकडं. आम्हाला काय माहीत?" तेव्हाचे जमादार अड्याळला असतात म्हणे.

११ नोव्हें.
अड्याळला निघालो. वाटेत ओळखीचा ट्रकवाला भेटला, त्याच्यासंगं गप्पा मारत भलत्याच वाटेनं शहापूरपर्यंत गेलो. दिवस गेला. घरी बाबा दारातच. काही विचारलं नाही त्यांनी. विचारायला पाहिजे होतं.

१२ नोव्हें.
अड्याळ. जमादार खाटेवर, दिसत नाही फारसं. ठाण्याचं नाव काढलं तर उठून बसले. कौलाचं ठाणं, सगळ्यांत मिळून एक सायकल, पावसात गळायचं तर कैद्यालाच कौलं फिरवायला चढवायचे. खूप हसले. मग त्या पोरीचं विचारलं.
"आला होता एक मानूस. लय दिवसानं. ओळखीसाठी तिच्या लुगड्याचा काठ ठेवला होता आमी. त्यानं हातात धरला, गालाले लावला, अन् गेला."
"नाव?"
"इचारलं मी. तो बोललाच नाही. मंग मी बी लावून नाही धरलं बाबू."

१३ नोव्हें.
बाबांना सांगितलं. "कोनी आलं होतं ना पन?" दोनदा विचारलं.
आलं होतं, म्हटलं.

१५ नोव्हें.
ठाणेदारांना लिहिलेलं दाखवलं. बिडीवाला, घोंगडीवाला. "अरे, नावं कुठे आहेत? नावाशिवाय कसला इतिहास?" कागद परत दिला.

१७ नोव्हें.
सकाळीच पुष्पीच्या कळा सुरू. आई तिला घेऊन लाखनीला दवाखान्यात. बाबा म्हणाले, डोंगा काढ. वल्हं मी मारलं. मधात आल्यावर ते उभे राहिले, मी धरून होतो. लहानपणापासून ऐकत आलो तीच हाक.
"पुष्पे, चाल माय. घरी चाल."
परत आलो.
हे काठावर बसून लिहून राहिलो. आईचा फोन नाही अजून. बाबा उठत नाहीत. मघाशी म्हणाले, "आता त्या पोरीले कोन्या नावानं हाक माराची?"
मनातल्या मनात काही नावं घेऊन पाहिली. एकही तिचं वाटेना.